चालू आहे

"ताई, हल्ली सगळ्यांचे रिपोर्ट चांगलेच येतायत का हो?" मेडिसिन वॉर्डच्या सिस्टरने दारातूनच हसत विचारलं. "आठवडा झाला, तातडीचा एकही मेसेज नाही. देव पावला म्हणायचं!"

हॉस्पिटलचे सर्व्हर सांभाळणारी बाई चहा पीत होती. तीही हसली. लॅबच्या तपासणीत एखादा आकडा जिवावर बेतणारा निघाला, की त्याचा मेसेज त्याच क्षणी वॉर्डच्या फोनवर जायचा. कागदी रिपोर्ट मागाहून, संध्याकाळी. सर्व्हरवरचा एक छोटासा प्रोग्राम हे काम रात्रंदिवस करायचा. तो मध्येच बंद पडू नये म्हणून त्याच्यावर पहारा ठेवणारा दुसरा प्रोग्राम होता. तो तिनेच लिहिला होता.

"थांबा, बघते."

स्क्रीनवर सगळं हिरवंगार होतं. 'चालू आहे. एकोणीस दिवस.' तिने सहज, गेलेल्या मेसेजच्या नोंदींची फाइल उघडली. शेवटची नोंद गेल्या आठवड्यातल्या सोमवारची, दुपारी दोन वाजून सात मिनिटांची. पुढे काही नाही.

तिने तारीख पुन्हा वाचली. कप खाली ठेवताना चहा टेबलावर सांडला, तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

प्रोग्राम मेला नव्हता. एका मेसेजची पोच येईल म्हणून वाट बघत तो आठ दिवस नुसता अडकून बसला होता. पहारेकरी दर मिनिटाला विचारत होता, "आहेस का?" आणि तो सांगत होता, "आहे." काम करतोयस का, हे विचारायला तिने पहारेकऱ्याला शिकवलंच नव्हतं.

रांगेत पाठवायचे राहिलेले दोनशे चौदा मेसेज होते.

तिने आपल्या विभागाच्या साहेबांना हाक मारली. ते आले, वाकून आकडा पाहिला आणि खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

"रांग पुसून टाक," ते हळूच म्हणाले. "मग चालू कर. इथून पुढचे जातील."

"साहेब, यात आज सकाळचेही नऊ आहेत."

"तेवढे काढून घे. शिळे मेसेज आता पाठवून कोणाचं भलं होणार आहे? उगाच बोभाटा."

"काय झालं, ताई?" सिस्टर दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती.

बाईने कीबोर्ड जवळ ओढला. पुसायचं म्हटलं तर एका ओळीचं काम. कोणाला पत्ताही लागला नसता.

"ते बाकीचेही कोणाचे तरी आहेत, साहेब," ती म्हणाली आणि रांग तशीच ठेवून तिने प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला.

सिस्टरच्या खिशातला वॉर्डचा फोन थरथरला. पुन्हा थरथरला. मग थांबेचना.

"सिस्टर, आजचे सगळ्यात शेवटी आहेत. ते आधी बघा, पळा!"

सिस्टर फोन बघत धावत निघाली आणि दाराशी थबकली. तिची नजर पहिल्याच मेसेजवर खिळली होती.

"अकरा नंबर बेड, मागचा सोमवार," तिने वाचलं. मग मान वर केली. "ताई, अकरा नंबरवर आता दुसरे आजोबा आहेत."