पाण्याचा काटा

केतकी काट्यावर उभी राहिली आणि लाल दिवा लागला. अंगात सव्वा लिटर पाणी जास्त होतं. चंद्रावरच्या वस्तीत याला पाणीचोरी म्हणत.

"दोन दिवस तुझं पाणी बंद," तपासनीस दमयंतीबाई म्हणाल्या.

"चोरलं नाही हो बाई! पाळी दोन दिवसांवर आलीय. मूत्रपिंडं पाणी सोडतच नाहीत. हे पाय बघा, कसे सुजलेत."

"काटा पुरुषांवर बेतलाय. त्याला पाळी कळत नाही."

"मग तुम्ही कशा कधी सापडत नाही?"

दमयंतीबाईंनी गोळ्यांची पट्टी दाखवली. "पाळीआधी ही घेते. सगळं पाणी लघवीवाटे निघून जातं."

"मलाही एक द्या ना."

पट्टी परत खिशात गेली. दमयंतीबाईंनी केतकीच्या वाट्याची बाटली उघडली आणि घटाघटा रिकामी केली.

"गोळीनं तहान फार लागते गं."