मालकाची संमती

चार वर्षांपूर्वी आम्ही गणपती करून मुलुंडला परतलो आणि आठवड्याभरात गावच्या आमच्या जमिनीतले बावीस साग कुणीतरी तोडून नेले. हर्षद पेडणेकरने नेले हे अख्ख्या वाडीला ठाऊक होतं, पण पोलिसांपुढे एकानेही तोंड उघडलं नाही. ते नुसते बुंधे बघून आलेले बाबा पुढचे गणपती बघायला राहिले नाहीत.

आज मी घाटकोपरला, हर्षद पेडणेकरच्याच लाकडाच्या वखारीत तपासणीला बसले होते. जंगल राखून आणि मालकाला विचारून तोडलेलं लाकूड, असं आमच्या संस्थेचं सर्टिफिकेट मिळालं की त्याचं फर्निचर परदेशात जाणार होतं. माझं आडनाव आता सासरचं, त्यामुळे त्याला काही कळायचं कारण नव्हतं.

"तो कोपऱ्यातला जुना साग कुठला?" मी विचारलं. "गाव, गट नंबर, झाडं किती, तोडली कुणी, सगळं लिहून द्या."

"बिनधास्त लिहितो! दशरथ धुरींनी स्वतः उभं राहून आमच्याकडून तोडून घेतला, मॅडम. देवमाणूस होता."

दशरथ धुरी म्हणजे माझे बाबा. त्यांच्या खोट्या सहीचं संमतीपत्र जोडून, बावीस साग आपणच तोडल्याचं त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं. वर शिक्काही मारला.

मी दोन्ही कागदांचे फोटो आमच्या घरच्या वकिलांना पाठवले आणि फाईल मिटली.

"झालं ना, मॅडम?"

"नाही हो. तुमची तपासणी आता दुसरं कुणीतरी करेल."

"का?"



"झाडाच्या मालकाच्या मुलीने करायची नाही, असा आमचा नियमच आहे."