भिंतीवर एकच जागा

"मार्कुस," शुल्ट्झबाई पुन्हा म्हणाल्या. "अर्धं आयुष्य खेळला तो या क्लबसाठी. पावसात, थंडीत. तो भिंतीवर नको, तर मग कोण?"

"वेद," होल्गर म्हणाला. तोही पुन्हाच.

ऊर्मिलाने कॉफीचा कप उगाच फिरवला. पहाटेची शिफ्ट संपवून ती गाड्यांच्या कारखान्यातून थेट इथे आली होती. डोळे चुरचुरत होते. रेगेन्सबर्गमधल्या या छोट्या बेसबॉल क्लबच्या भिंतीवर दर वर्षी एका निवृत्त खेळाडूचा फोटो लागायचा. त्या भिंतीला सगळे हॉल ऑफ फेम म्हणायचे, आणि त्या एका फोटोसाठी समिती अख्खी दुपार भांडायची. या वर्षी दोन नावं उरली होती. त्यातलं एक तिच्या मुलाचं.

"मी मत देऊ नये," ती सुरुवातीलाच म्हणाली होती. "आई आहे मी त्याची." पण एवढ्याशा क्लबात कोण कोणाचं नव्हतं? मार्कुस शुल्ट्झबाईंचा भाचा होता.

"दोनच सीझन तर खेळला वेद," शुल्ट्झबाई म्हणाल्या. "रागावू नकोस, ऊर्मिला."

"पण काय खेळला!" होल्गर उभाच राहिला. तो वेदचा कोच. "फायनलला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने पिचिंग केलं पोराने, एकही चेंडू दुसऱ्याला टाकू दिला नाही. आपला एकुलता एक कप त्याच्यामुळे आला. तसा हात पुन्हा झाला नाही."

नाहीच झाला. काल जेवताना तिने विचारलं होतं, "तुझं नाव आहे रे उद्या. काय सांगू त्यांना?" वेद उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने वरण वाढून घेत होता. "मीर एगाल, ममा," मान वर न करता तो म्हणाला. मला काही फरक पडत नाही.

मतं समसमान पडली. ऊर्मिलाचं तेवढं राहिलं होतं.

"होल्गर," ती म्हणाली, "त्याचा खांदा दुखतोय हे तुला त्या दिवशी माहीत होतं ना?"

होल्गर खाली बसला. "चेंडू त्यानेच मागितला होता."

"एकोणीस वर्षांचा होता तो."

बाहेर मैदानावर गवत कापायचं यंत्र घरघरत होतं. होल्गर दर वर्षी हेच नाव का रेटतो, हे तिला कधीच कळून चुकलं होतं. आता रागवायचंही त्राण उरलं नव्हतं.

तिने हात वर केला. "वेद."

होल्गरचा चेहरा उजळला. त्याने पिशवीतून मोठा करून आणलेला फोटो काढला. वेदचा हात आभाळात, चेंडू सुटायच्या बेतात. "हा लावू."

"नको." ऊर्मिलाने आपला फोन त्याच्यापुढे सरकवला. फायनल संपल्यावर तिनेच काढलेला फोटो होता. मागे सगळी टीम एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. पुढे बाकावर वेद एकटा, खांद्याला बर्फाची पिशवी बांधलेली, डोळे मिटलेले.

होल्गरने फोन उचलून जवळ धरला. "पण यात तो खेळताना कुठे दिसतोय?"

ऊर्मिला कोट घालायला उठली.

"निवृत्त खेळाडूच निवडतोय ना आपण?"