बिनसाखरेचा चहा
अनघाच्या ऑफिसच्या विम्यात आईला जागा नव्हती. मधुमेह लिहिला की वेगळ्या विम्याचा हप्ता आवाक्याबाहेर जात होता. म्हणून परदेशातल्या, सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये एजंटसमोर तिने अर्जात मधुमेहापुढे 'नाही'वर खूण केली. "औषधांबद्दल चकार शब्द काढू नकोस," आईला सकाळीच बजावलं होतं. आईने चहा आणला. हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांवर बिनसाखरेचा चहा मागता मागता शिकलेला इथला एकुलता एक शब्द तिने आपला कप उचलत ऐटीत ऐकवला, "कोसोंग!" एजंटचं पेन थांबलं. "नो शुगर आह, आंटी? डायबिटीस?" आईला चूक उमगली. तिने हसत साखरेचा डबा ओढला, तीन चमचे कपात ढवळले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच गोड चहाचा घोट घेतला. एजंटची नजर कपावरून हलेना. आईने कप लेकीपुढे धरला. "अजून घाल गं, अगोड लागतोय."