एकाच लाइनवर

फोन वाजला. दक्षता अधिकारी बाईंचा हात रिसीव्हरपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

खोली तळघरात, पाण्याच्या पंपाला लागून. दारावर चकचकीत पितळी पाटी : ‘भ्रष्टाचारविरोधी कक्ष. निर्धास्त बोला.’ आत एक टेबल, एक डुगडुगती खुर्ची आणि हा फोन. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! बाईंनी स्वतंत्र लाइन मागितली, तेव्हा संचालक म्हणाले होते, “खर्च कशाला वाढवता? खरेदीप्रमुखांची आहे ना, तिलाच जोडून घ्या.” आणि बहुतेक तक्रारी खरेदीच्याच असायच्या.

गेल्या महिन्यात लिफ्टच्या मेकॅनिकने याच फोनवर सांगितलं होतं, “नवे म्हणून आणलेले दोर जुनेच आहेत. पुरावा देतो.”

“निर्धास्त बोला,” बाई म्हणाल्या होत्या, “इथे माझ्याशिवाय कोणी नाही.” तेवढ्यात लाइनवर बारीक खट् झालं. त्यांनी ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

त्याच आठवड्यात मेकॅनिक लिफ्टच्या खड्ड्यात सापडला. पाय घसरला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. बाई त्याच्या घरी गेल्या आणि दारातूनच परतल्या. तेव्हापासून ते खट् त्यांचा पिच्छा सोडत नव्हतं. जेवताना, केस विंचरताना, झोप लागता लागता.

फोन वाजतच होता. त्यांनी उचलला.

“ताई, मी लिफ्टवाल्याची बायको. तुम्ही दारातून परत गेलात, मी पाहिलं होतं. ह्यांनी दोराचा तुकडा घरात ठेवलाय, तुम्हाला द्यायला. घेऊन येऊ का?”

खट्.

लाइनवर आता कोणीतरी श्वास घेत होतं.

“ताई? ऐकताय ना? मी म्हटलं—”

“राँग नंबर!” बाई खेकसल्या. “परत इथे फोन करू नका. कळलं?”

पलीकडे बिचारीने फोन ठेवला. श्वास मात्र गेला नाही.

“राँग नंबर होता का?” खरेदीप्रमुखांनी प्रेमाने विचारलं. “बघा बाई, भागतंय ना एका लाइनवर?”

बाईंनी रिसीव्हर खाली ठेवला नाही. पंपाच्या भिंतीला लावून टेबलावर आडवा केला. चपला हातात घेतल्या आणि अनवाणी जिना चढू लागल्या. मेकॅनिकचं घर त्यांना माहीत होतं.

मागे पंपाच्या घरघरीत आवाज येत राहिला, “बाई? आहात ना तिथे?”