एकही डॉलर न घेता

ओहायोतल्या आमच्या पार्कात नवं रोलर कोस्टर सुरू होणार होतं आणि ते चालवायचं काम माझ्याकडे होतं. आठ लाख फॉलोअर्सवाला कोल्टन कौतुकाचे पैसे मागायला आला, तर जाहिरातीचं बघणाऱ्या मार्लीन मॅडमनी त्याला उडवूनच लावलं.

"एक डॉलर मिळणार नाही. फुकट बस आणि काय ते खरं बोल."

"खरंच बोलतो. तुमची पार वाट लावतो बघा!"

पहिली फेरी त्याला एकट्यालाच हवी होती. मागे कुणी किंचाळलं की त्याचा आवाज नीट येत नाही म्हणे.

अर्ध्या तासाने त्याचं लाइव्ह सुरू झालं. मॅडम आणि मी खाली फोनवर बघत बसलो.

"मंडळी, काय राइड आहे! आणि काय तो समोरचा तलाव! जन्मात असं पाहिलं नाही!"

कुणीतरी लिहिलं, "किती घेतलेस रे?"

"आईशप्पथ, एक डॉलर घेतला नाही!"

"मग रडतोयस कशाला?"

"आनंदाने रे बाबांनो! वर्षाचा पास काढा, पोराबाळांना घेऊन या. इथलं लिंबू सरबतसुद्धा झकास आहे!"

मॅडमनी खूश होऊन सरबताचा घोट घेतला आणि त्याला मेसेज टाकला:



"आता पार्किंगबद्दल दोन शब्द गोड बोल, की लगेच तुझी गाडी कोस्टरच्या टोकावरून खाली सोडते."