तिसरा रकाना

देवरावांनी गांधीबागेतल्या कापडदुकानात गिऱ्हाइकांना हाका मारण्यात आयुष्य घालवलं, पण बायकोला नावानं एकदाही हाक मारली नाही. लग्नात मंडळींनी उखाण्यासाठी गळ घातली, तर नवरदेव पंगतीतून उठून गेले. इंदूबाईंनी त्यांच्या ‘ऐकतं का वं’ एवढ्यावरच संसार केला. चार महिन्यांपूर्वी देवरावांना लकवा मारला आणि तेही बंद झालं. दुसरीतली नात सान्वी मात्र रोज त्यांच्या खाटेवर बसून यमक शब्दांचा गृहपाठ करायची. वहीत तीन रकाने होते: शब्द, यमक, अर्थ. “सांगा आबा, बिंदू?” आज देवरावांचे ओठ हलले. सान्वी पेन्सिल धरून थांबली. “इंदू,” ते अडखळत म्हणाले. मेथी निवडणारे इंदूबाईंचे हात थबकले. सान्वीनं दुसरा रकाना भरला. “अर्थ काय लिहू वं आजी?” इंदूबाईंनी नव्या नवरीसारखा पदर डोक्यावर ओढला. “लिही, आबा मले बोलावून राहिले.”